रिकाम्या बैठकीची टपालगाडी

मित्रांनो, स्वस्थ उभं राहणं माझ्या स्वभावात नाही, आणि हल्ली नेमकं तेच काम माझ्याकडून करून घेतात. मी चार घोड्यांची एक जुनी टपालगाडी आहे. खरं टपाल मात्र मी जन्मात वाहिलं नाही. माझ्या छपरावरच्या पेट्यांत दगड असायचे, पिशव्यांत भुसा असायचा, आणि तरीही माझ्यावर इतके दरोडे पडले की शेवटी शेवटी दरोडेखोर दिसले नाहीत तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

माझा जन्म लॉस एंजेलिसमधल्या एका सिनेमावाल्यांच्या कारखान्यात झाला. एकडाल नावाच्या म्हाताऱ्या सुतारानं मला घडवलं. चाकांसाठी त्यानं लाकूड निवडून निवडून घेतलं, आणि माझी कुडी जाड चामड्याच्या पट्ट्यांवर टांगली. त्यामुळे घोडे जुंपलेले नसले तरी नुसतं कुणी पाय ठेवला की मी डुलायला लागते. रंगाची वेळ आली तेव्हा वरून निरोप आला की उजवी बाजूच रंगव, डावी कॅमेऱ्यात येत नाही. एकडाल म्हणाला, "अर्धी रंगवलेली गाडी माझ्या हातून जाणार नाही." मग उरल्यासुरल्या डब्यांतला रंग घेऊन त्यानं डावी बाजूही रंगवली. ती बाजू कुठल्या सिनेमात दिसली असेल असं मला वाटत नाही.

शहराच्या उत्तरेला खडकांचा एक मोठा माळ होता. आमचे स्वस्तातले सिनेमे तिथेच निघायचे. घोडे, बंदुका, शेरीफ, दरोडेखोर आणि शेवटी गाणं म्हणणारा नायक. वाट एकच होती. कॅमेरा इकडचा तिकडे ठेवला की तीच वाट सकाळी टेक्सास व्हायची आणि दुपारी ॲरिझोना. माणसंही तीच असायची. सकाळी तोंडाला रुमाल बांधून जे मला लुटायचे, तेच जेवणानंतर रुमाल सोडून, टोप्या बदलून दरोडेखोरांचा पाठलाग करायचे. एकदा त्यांतला एक जण सँडविच खाता खाता म्हणाला, "आज मी स्वतःलाच गोळी घातली रे. नेम चांगला होता माझा." सगळे हसले. पडद्यावर यांतल्या एकाचंही नाव यायचं नाही. माझ्या दारावरचं नावही प्रत्येक सिनेमाला खरवडून नवं रंगवायचे, त्यामुळे ते मला फारसं वेगळं वाटायचं नाही.

या सगळ्यांत माझा सर्वांत जवळचा माणूस म्हणजे हॉब टॅकेट. तो नेब्रास्काचा. तरुणपणी त्यानं खऱ्या गाड्या हाकल्या होत्या, धान्याच्या, लाकडाच्या. मोटारी आल्या, घोडे गेले, आणि हॉब इकडे आला. सिनेमात त्याचं काम मोठं विचित्र होतं. गाडीवानाला गोळी लागते, तो खाली पडतो, आणि घोडे बिनमालकाची गाडी घेऊन उधळतात, हा प्रसंग लोकांना फार आवडायचा. बैठक रिकामी दिसली पाहिजे आणि गाडी तर कुणीतरी हाकली पाहिजे. म्हणून बैठकीखाली, पाय ठेवायच्या फळीच्या मागे, माझ्या पोटातच एक पेटी केली होती. हॉब तिच्यात गुडघे हनुवटीला लावून बसायचा. समोर एक अरुंद फट होती. त्या फटीतून तो वाट बघायचा आणि त्याच फटीतून लगामाच्या वाद्या बाहेर जायच्या. आत धूळ, उकाडा आणि घोड्यांचा वास. वरून पाहणाऱ्याला वाटायचं, गाडी देवाच्या भरवशावर चाललीय.

एकदा त्याच्या बायकोचा निरोप आला होता. गावातल्या थिएटरात तिनं सिनेमा दोनदा पाहिला, पण तिला हॉब काही सापडला नाही. हॉबनं उलट कळवलं, "जिथे कुणीच नाही असं दिसतं ना, तिथे मी आहे." हे तो सगळ्यांना सांगत सुटला होता, आणि सांगताना स्वतःच खूप हसत होता.

मग एका वर्षी नीवा लस्क आली.

ती ओक्लाहोमाची. धुळीच्या वादळांत त्यांचं शेत बुजून गेलं तेव्हा घरचे कापूस वेचायला गेले आणि नीवा जत्रांमधून घोड्यावरच्या कसरती करायला लागली. इथे मात्र तिला गर्दीतली बाई म्हणून घेतलं होतं. तपकिरी झगा, हनुवटीखाली नाडी बांधायची तपकिरी टोपी, म्हणजे बॉनेट, माझ्या आत बसायचं, आणि गोळ्या सुटल्या की किंचाळायचं. एवढंच. ती किंचाळायचीही अगदी मन लावून. पण बाकीचा सगळा वेळ तिची टाच माझ्या फळीवर वाजत राहायची. टक टक टक. त्या आवाजानं मला बरं वाटायचं. उभं राहणं जिवावर येणारं माझ्याशिवाय आणखी कुणीतरी आहे, असं वाटायचं.

नायिकेची धोक्याची कामं डेल क्रॅबट्री करायचा. हो, पुरुष. सोनेरी केसांचा टोप, निळा झगा आणि खाली त्याचे ते राकट हात. तो झगा सावरत आला की टोळीतले सगळे टोप्या काढून त्याला वाकून नमस्कार करायचे.

"बाईसाहेब, आज दाढी केलीय वाटतं?" नीवा एकदा म्हणाली.

"तुला काय, नुसतं ओरडायचं असतं," डेल म्हणाला. "चालत्या गाडीच्या खिडकीतून वर चढून दाखव, मग बोल."

"दाखवते की. झगा दे तो."

"हा झगा? हा माझ्या मापाचा आहे बाई."

पण दिग्दर्शक पर्सेल तिला त्या कामाला हात लावू द्यायचा नाही. त्याचं ठरलेलं उत्तर असे, "बाई पडली तर वर्तमानपत्रात येतं. डेल पडला तर कुठेच येत नाही." हे तो डेलच्या तोंडावर म्हणायचा, आणि डेल मान हलवून सिगारेट पेटवायचा.

दोन प्रसंगांच्या मध्ये घोडे सावलीत उभे असले की हॉब नीवाला माझ्या बैठकीवर बसवायचा आणि चार घोड्यांच्या वाद्या बोटांत कशा धरायच्या ते शिकवायचा. ती त्याला हॉबकाका म्हणायची. "मनगट नको, बोटं," तो म्हणायचा. "त्यांच्याशी बोल बोटांनी. ओरडायचं काम तू खाली बसून करतेसच." पुढच्या जोडीतली डावीकडची घोडी पर्ली फार घाबरट होती. ती आधी नीवाला जवळ येऊ द्यायची नाही. नीवा रोज आपल्या डब्यातलं सफरचंद अर्धं तिला द्यायला लागली, तेव्हा कुठे तिनं कान मागे पाडायचं सोडलं.

आता त्या दिवसाचं सांगते.

प्रसंग नेहमीचाच होता. गाडीवान पडतो, घोडे उधळतात, नायिका खिडकीतून बाहेर येते, बैठकीवर चढते, लगाम खेचते आणि गाडी थांबवते. आत डेल निळ्या झग्यात, समोर नीवा तपकिरी झग्यात, पेटीत हॉब. शेजारून कॅमेऱ्याची मोटार धावायला तयार. पर्सेलनं कर्ण्यातून हाक दिली, बंदुकीचे बार झाले, गाडीवान झालेला माणूस ठरल्याप्रमाणे धुळीत लोळला, आणि आम्ही सुटलो. मित्रांनो, पळताना मला जे सुख व्हायचं ते मी काय सांगू! सगळी लाकडं, सगळे पट्टे एका सुरात बोलायला लागायचे.

त्या दिवशी उतारावर तो सूर बिघडला. फटीला लावलेली लोखंडी पट्टी किती तरी दिवसांपासून एका बाजूनं घासून धारदार झाली होती. मला ते ठाऊक होतं. माझ्याच अंगावर होती ती. पण गाडीला सांगता कुठे येतं? पुढच्या जोडीची एक वादी त्या धारेवर तुटली आणि तिचं टोक पर्लीच्या पायांत फडफडायला लागलं. पर्ली बिथरली, तिच्यामागे बाकीचे तिघे बिथरले. हॉब आतून दुसरी वादी खेचायचा तर घोडे वाटेच्या कडेच्या दरीकडे वळायचे. त्यानं ती सोडून दिली. आता बैठक खरोखरच रिकामी होती, आणि गाडी खरोखरच कुणाच्या हातात नव्हती.

खरं उधळणं आणि खोटं उधळणं बाहेरून सारखंच दिसतं हो. मोटारीत उभा राहून पर्सेल ओरडत होता, "वा! असंच! असंच चालू दे!"

डेल तोवर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. वळणावर मी अशी हेलकावले की त्याचा हात सुटला. तो निळा झगा मला एकदाच धुळीत गरगरताना दिसला आणि मागे पडला. मोटार आमच्या बाजूलाच धावत राहिली. तेही सिनेमातलंच आहे असं त्यांना वाटलं असावं.

हॉब दोन्ही मुठींनी पेटीच्या मागच्या फळीवर मारत होता. "वादी तुटली! पोरी, वादी तुटली!"

नीवानं बॉनेटची नाडी दातात धरली आणि ती खिडकीतून बाहेर पडली. माझ्या छपराची कड धरून ती बैठकीवर आली, तिथला ब्रेक तिनं पायानं दाबला. ठोकळा चाकावर घासून धूर निघाला, पण चार घाबरलेल्या घोड्यांपुढे त्याचं काय चालणार! मग ती खाली उतरली, मागच्या जोडीच्या मधल्या दांड्यावर. खाली जमीन नुसती वाहत होती. एकेका घोड्याची पाठ धरत ती पुढे सरकली आणि तिनं पर्लीच्या पाठीवर उडी घेतली. पर्लीनं मान झटकली. नीवा तिच्या मानेवर आडवी झाली, तिच्या कानाशी काहीतरी बोलली, आणि तिचं तोंड धरून तिनं हळूहळू सगळ्यांना टेकडीच्या चढाकडे वळवलं. चढावर घोडे दमले आणि थांबले. मी डुलत राहिले. बराच वेळ डुलत राहिले.

हॉबला पेटीतून ओढून काढावं लागलं.

तेवढ्यात मोटार आली. पर्सेल धावतच उतरला. "काय केलंस तू हे! असलं मी कधी पाहिलं नव्हतं!" आणि मग त्याचा चेहरा पडला. "पण ही बॉनेट? नायिकेचा झगा निळा आहे! तपकिरीतलं माझ्या काय कामाचं?"

डेलला घोड्यावर घालून आणत होते. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि केसांचा टोप एका कानावर लोंबत होता.

"ऊन आहे तोवर पुन्हा करू," पर्सेल म्हणाला. "निळा झगा हिला द्या. वादीला गाठ मारा."

"गाठ फटीत अडकेल," हॉब हळूच म्हणाला.

"नाही अडकणार."

नीवानं बॉनेट काढून खाली टाकली. तिला हवी होती ती गोष्ट समोर उभी होती. डेलच्या अंगावरून काढलेला निळा झगा कुणीतरी हातात घेऊनच आला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग हॉबकडे पाहिलं.

"मी करीन," ती म्हणाली. "पण उद्या. नव्या वाद्या लावून. गाठ मारलेल्या लगामावर हॉबकाका आत बसणार नाहीत."

"उद्या? शहरात कोपऱ्यावरच्या दुकानासमोर काम मागायला तुझ्यासारख्या रांगेनं उभ्या आहेत, माहीत आहे ना?"

"मग आणा की त्यांतली एक. पर्लीच्या पाठीवर बसवा."

पर्सेल लाल झाला. तो वळून घोडेस्वारांना हुकूम द्यायला गेला, तर त्यांतला एक जण घोड्यावरून खाली उतरला. मग दुसरा. कुणी घोषणा दिली नाही की भाषण केलं नाही. दरोडेखोर आणि शेरीफची माणसं एकदमच उतरली, कारण ती एकच होती, आणि खडकाच्या सावलीत जाऊन बसली. एकानं तर बूटही काढले. नायकाच्या बदली उड्या मारणारा मुलगाही शेवटी जाऊन त्यांच्यात बसला. पर्सेल कर्णा घेऊन बराच वेळ उन्हात एकटा उभा होता. शेवटी तो म्हणाला, "उद्या सकाळी. लवकर."

त्या संध्याकाळी घोडे सोडल्यावर हॉब परत आला. त्यानं फटीची लोखंडी पट्टी कानशीनं घासली, तिच्यावर जुन्या बुटाचं मऊ चामडं खिळ्यांनी ठोकलं. मग घोडे नसतानाच तो पेटीत शिरून बसला. नसलेल्या वाद्या धरल्यासारखी तो फटीच्या कडेवरून बोटं फिरवत होता. मला ते लाकडातून कळत होतं. थोड्या वेळानं नीवा आली आणि वर बैठकीवर बसली. दोघांच्या मध्ये एक फळी.

"जमेल का काका?"

"माहीत नाही." त्यानं चामड्यातला एक खिळा अंगठ्यानं दाबून पाहिला. मग म्हणाला, "आज वाटलं, इथेच संपलो. आणि गाडी थांबेपर्यंत कुणाला पत्ताही लागणार नाही."

"मला लागला ना," नीवा म्हणाली. "तुमचा आवाज ऐकूनच निघाले मी."

आत हॉबनं नाक शिंकरलं. "टाच वाजवू नकोस उद्या," तो म्हणाला. "माझ्या डोक्यात बसते ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीवानं निळा झगा घातला. तो डेलच्या मापाचा, म्हणून पाठीशी टाचण्या लावल्या. डेल हात गळ्यात बांधून, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना, फक्त बघायला आला होता. "टाचण्या मोडू नकोस माझ्या झग्याच्या," तो ओरडला. आम्ही निघालो. हॉबच्या बोटांतून वाद्या अशा वाहत होत्या जणू तो घोड्यांच्या कानात बोलतोय. वर नीवा, खाली हॉब, पुढे पर्ली. त्यांतलं काय खरं आणि काय सिनेमातलं, ते त्या दिवशी मलाही सांगता आलं नसतं. खिडकी, बैठक, दांडा, पर्लीची पाठ, सगळं एकाच खेपेत झालं.

सिनेमा लागला. नीवा आपल्या आईला घेऊन गेली. आई कापसाच्या मळ्यातून आलेली, जन्मात दोन-तीनच सिनेमे पाहिलेली. पडद्यावर निळ्या झग्यातली पाठ दिसायची आणि लगेच जवळून नायिकेचा चेहरा. पुन्हा पाठ, पुन्हा चेहरा. लोक टाळ्या वाजवत होते. नीवानं आईला काही सांगितलेलं नव्हतं. पण दांड्यावरून ती घोडीच्या पाठीवर गेली त्या क्षणी म्हातारी उभी राहून ओरडली, "नीवा! अगं पडशील!" मागचे लोक शुक शुक करायला लागले. नीवा सांगत होती, तिला आधी हसू आलं आणि मग रडू. हे तिनं माझ्या बैठकीवर बसून हॉबला सांगितलं. हॉबनं ते तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पुढे नीवा बरीच वर्षं बायकांची धोक्याची कामं करत राहिली. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या. डेल घोडे शिकवायला लागला. हॉब एका हिवाळ्यात नेब्रास्काला गेला तो तिकडेच राहिला, आणि एका वसंतात तो वारल्याची बातमी आली. मग असे सिनेमे कमी झाले. मी कधी टीव्हीच्या मालिकेत धावले, कधी नुसती मागे उभी राहिले. धावणं थांबलं तसं लाकूड तडकायला लागलं. सिनेमावाल्यांनी सामान विकायला काढलं तेव्हा मला वाळवंटातल्या हमरस्त्यावरच्या एका खानावळवाल्यानं नेलं. त्यानं मला दारात ठोकळ्यांवर उभं केलं. माझी चाकं जमिनीला टेकत नाहीत. माझ्यासमोर फलक लावलाय, त्यावर त्या नायिकेचं नाव आहे. तिचा माझ्याशी एवढाच संबंध, की थांबलेल्या गाडीत बसून तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं.

मोटारी जातात, येतात. मी जागच्या जागी डुलते, आणि माझं मन रस्त्यावर असतं.

गेल्या वर्षी एक म्हातारी थांबली. पिकलेले केस, पुरुषी पँट, चालताना एक पाय जरा ओढत होती. फलक वाचून ती हसली. माझ्याभोवती तिनं एक फेरी मारली आणि चाकाला हात लावून ते फिरवून पाहिलं. ते फिरेना. तिनं आपल्या मोटारीतून वंगणाचा डबा आणला आणि जमिनीवर बसून आस साफ करायला लागली. तोंडानं पुटपुटत होती, "किती वर्षं उन्हात ठेवलंय तुला यांनी." तिच्या टाचेनं जमिनीवर टक टक चालवली होती, तेव्हा मला ओळख पटली.

तेवढ्यात एक कुटुंब उतरलं. बाप, आई, दोन मुलं, बापाच्या गळ्यात कॅमेरा. "आजी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

"हो, हो, या ना," नीवा म्हणाली. काळे हात पँटला पुसत ती बाजूला झाली. शिवाय पोरांना तिनंच नीट उभं केलं, "या बाजूला या, डोळ्यांत ऊन येतंय." फोटो निघाला. बापानं आभार मानले. कुणी तिला नाव विचारलं नाही, खानावळवाल्यानंही नाही. चारही चाकं साफ करून ती निघून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडाला सावली द्या, वर्षाकाठी थोडं वंगण द्या, एवढंच माझं मागणं. पण त्याआधी एक करा. फोटो काढताना एखादं माणूस मध्ये आलं, तर त्याला बाजूला व्हायला सांगू नका. त्याला जवळ उभं करा, आणि त्याचं नाव विचारून घ्या.

परवा रात्रभर वाळवंटातून वारा सुटला होता. माझी चारही चाकं सकाळपर्यंत फिरत होती.